साडूंच्या गावातला बंद कारखाना

(पत्र सासवडच्या एका वडिलांचं आहे. मुलीला सीईटीत ८९ पर्सेंटाइल. कॅप फेरीत पुण्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळतंय आणि तिला तेच हवंय. वडिलांना कॉम्प्युटरच हवं, त्यासाठी व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊन नऊ लाखांचं कर्ज काढायची तयारी आहे. त्यांचे साडू अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला असतात. ते म्हणाले, ‘आमच्याकडचा टीव्हीचा एवढा मोठा कारखाना बंद पडला, सगळं चीनला गेलं, इलेक्ट्रॉनिक्स संपलं.’ वडील विचारतात, ‘संपलेल्या लाइनीत मुलीला घालू का?’)

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी आहे. साडूंचं म्हणणं त्यात सात ठिकाणी आलंय, मुलीचं एकदाही नाही. ती येते ती फक्त तक्रारीत: शेजारणीची इंडक्शन शेगडी उघडून बसते, तपकीर गल्लीतून पाच-सहाशेचे पार्ट आणते, ‘फ्यूज उडाला तर नवा घालून मोकळं व्हायचं, तर ही बोर्डाला बल्ब लावून बघत बसते.’ म्हणून तुम्ही सोल्डरगन कपाटात कुलूपबंद केलीत. ८९ पर्सेंटाइलचं काय करायचं ते बघता येईल. मला काळजी वाटते ती त्या कुलपाची.

तो बल्ब काय असतो ते आधी सांगतो. इंडक्शनचा फ्यूज उडतो तो बहुतेक वेळा आतला आयजीबीटी (कॉइलची वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाल्यामुळे. नुसता फ्यूज बदलला तर तोही उडतो. आयजीबीटी बदलला, पण त्याच्या गेटकडचा, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या बाजूचा, झेनर किंवा ड्रायव्हर हा पार्ट गेलेला असेल, तर शेगडी चालू करताच नवा आयजीबीटीही जातो, म्हणजे पार्टचे पैसे दुसऱ्यांदा पाण्यात. म्हणून जाणता मेकॅनिक मेन लाइनमध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकतो. बल्ब जुना, तारेचा लागतो, एलईडी चालत नाही. शॉर्ट शिल्लक असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पार्ट वाचतो. नसेल तर क्षणभर लुकलुकून विझतो. तुमची मुलगी पार्ट बदलण्याआधी दोष कुठून आला ते शोधतेय. हे बारावीच्या मुलीला कुणी न शिकवता जमतंय, आणि तुम्ही ते चाळ्यांत जमा केलंय. काळजीच करायची तर प्लग काढल्यावर ती कपॅसिटर डिस्चार्ज करते का, ते विचारा. तिथे ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो.

आता साडूंचा कारखाना. ब्लूमिंग्टनचा टीव्हीचा कारखाना म्हणजे आरसीए या अमेरिकी रेडिओ-टीव्ही कंपनीचा. तो १९९८ साली बंद झाला हे खरं. पण काम चीनला गेलं नाही, मेक्सिकोतल्या हुआरेझला गेलं, आणि तिथे कंपनीचा पाय १९६० च्या दशकाच्या अखेरीसच पडला होता. मुळात १९४० साली हा कारखाना ब्लूमिंग्टनला आला तोच न्यू जर्सीतल्या कॅम्डनमधलं काम हलवून, कारण तिकडे संप होत होते, मजुरी वाढत होती, आणि इंडियानात तरुण मुली कमी पैशात मिळत होत्या. साडूंच्या गावानं जे गमावलं ते त्यानं दुसऱ्या गावाकडूनच मिळवलेलं होतं.

या गोष्टीची शेपटी तर आपल्या दारात येते. आरसीए आधी जनरल इलेक्ट्रिककडे गेली, मग तिचा टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनकडे. थॉमसनने पिक्चर ट्यूबचा व्यवसाय २००५ मध्ये विकला तो व्हिडिओकॉनला, म्हणजे संभाजीनगरजवळच्या चितेगाववाल्यांना. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले ट्यूबचे कारखाने मराठवाड्यातल्या कंपनीच्या हाती आले, आणि पाठोपाठ सपाट पडद्यांनी काचेची ट्यूबच बाजारातून उठवली. तिथे स्वस्त मजुरी उपयोगी पडली नाही, कारण वस्तूच गेली. नोकियाचं आणखी वेगळं. २००८ मध्ये जर्मनीतलं बोखुम बंद करून काम रुमानियातल्या जुकूला नेलं. जुकू २०११ मध्ये बंद, कारण पार्ट बनवणारे सगळे आशियात होते. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या सालोतलं फोनचं उत्पादन थांबलं, आणि २०१४ मध्ये आपल्या चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचंही, तिथे कराचा वाद होता. ‘मजुरी स्वस्त म्हणून गेलं’ एवढं एकच कारण धरून बसलात तर यातले निम्मे कारखाने का गेले ते कळणारच नाही.

तुमची मुख्य चूक मात्र वेगळी आहे: कारखाना गेला म्हणजे विषय संपला, असं तुम्ही धरून चाललाय. जगातल्या चिप बनवण्याच्या क्षमतेत अमेरिकेचा वाटा १९९० साली ३७ टक्के होता, २०२० पर्यंत १२ टक्क्यांवर आला. त्याच काळात एनव्हिडिया, क्वालकॉम यांच्यासारख्या कंपन्या तिथेच मोठ्या झाल्या, फक्त चिप दुसऱ्याकडून बनवून घेऊन. डिझाइन घरी राहिलं, बनवणं बाहेर गेलं. पुढे तिथल्या लोकांना कळलं की बनवणं गेलं की त्याच्याबरोबर बनवता येणारी माणसंही जातात. ॲपलने २०१३ मध्ये टेक्सासमध्ये मॅक प्रो जोडायला घेतला, तेव्हा एका छोट्या स्क्रूपाशी गाडं अडलं. स्थानिक वर्कशॉप दिवसाला हजारच्या वर स्क्रू देऊ शकत नव्हतं. तैवानच्या टीएसएमसीने ॲरिझोनात चिपचा कारखाना उभारायला घेतला आणि २०२३ च्या जुलैत उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकललं. कारण सांगितलं, कुशल माणसं पुरेशी नाहीत. कारखाना परत आणायला अमेरिकन सरकारने २०२२ च्या कायद्यात ३९ अब्ज डॉलर ठेवले. माणसं पैसे टाकून सहा महिन्यांत तयार होत नाहीत.

का होत नाहीत, याचं एक उदाहरण. बोर्डावर पार्ट बसवायच्या लाइनीत सुरुवात सोल्डर पेस्टपासून, म्हणजे सोल्डरच्या बारीक कणांच्या लापशीपासून होते. ती फ्रिजमध्ये ठेवतात आणि वापरण्याआधी डबा न उघडता सुमारे चार तास बाहेर ठेवतात. घाईत गार डबा उघडला की हवेतली वाफ पेस्टवर धरते आणि ओव्हनमध्ये सोल्डरच्या बारीक गोळ्या उडून दोन पायांमध्ये अडकतात. मग रिफ्लो ओव्हन, म्हणजे ती पेस्ट वितळवून पार्ट पक्के करणारी भट्टी. शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, म्हणून बोर्ड २४० च्या आसपास न्यायचा, पण क्षणभरच. एक मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटरचा कपॅसिटर असेल आणि त्याचा एक पॅड (बोर्डावरची टाका देण्याची जागा) तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असेल, तर तो पॅड उशिरा तापतो. दुसऱ्या टोकाचं सोल्डर आधी वितळतं आणि पार्टला ओढून उभा करतं. याला लाइनीवर टूम्बस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड, म्हणतात. हा दोष ओव्हनचा, पेस्टचा, की बोर्डाचं डिझाइन काढणाऱ्याचा? हे ज्याला सांगता येतं त्याला हुआरेझमध्येही काम आहे आणि तमिळनाडूतल्या होसूरमध्येही. लाइन बंद झाली की नुसते पार्ट लावणारे घरी बसतात. दोष शोधणारा पुढच्या लाइनीवर जातो.

‘मुलीची जात, कारखान्यात उभी राहणार का?’ असंही तुम्ही लिहिलंय. साहेब, होसूर-श्रीपेरुंबुदूरकडे फोन जोडणाऱ्या लाइनींवर बहुतेक मुलीच उभ्या आहेत, ब्लूमिंग्टनलाही बायकाच होत्या. जोडणी मुलींनी करायची आणि दोष शोधायला पुरुषांनी बसायचं, ही वाटणी जुनीच आहे. तिला डिग्री द्यायची ती ही वाटणी मोडायला. आणि हेही स्पष्ट सांगतो: निव्वळ जोडणीचं काम आपल्याकडेही टिकेलच असं नाही. श्रीपेरुंबुदूरच्या नोकियाचं वर लिहिलंच आहे.

प्रवेशाचं थोडक्यात: मिळालेली जागा मुदतीत पक्की करा, पहिल्या वर्षानंतर जागा रिकामी असेल तर शाखा बदलता येते, आणि या शाखेची मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींनाही बसतातच. नऊ लाखांचं कर्ज काढू नका. नावाला कॉम्प्युटर असलेल्या कॉलेजात, मन नसलेल्या मुलीला, व्याजाच्या पैशांनी बसवणं हा या पत्रातला सगळ्यात महागडा बेत आहे. ‘सेमीकंडक्टरचा कोर्स, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या लावलेल्या क्लासच्या वाटेलाही जाऊ नका.

उरलेलं मुलीसाठी, तिला वाचायला द्या.

तुझ्या कॉलेजचा अभ्यासक्रम एकटा पुरणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिग्रीत चार वर्षं काढून एकही बोर्ड स्वतः न बनवणारी मुलं ढिगाने निघतात. पहिल्या सेमिस्टरलाच कायकॅड हे बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर शीक, ते फुकट आहे. एक साधा दोन थरांचा बोर्ड काढ, पाच नग बनवून घे, स्वतःच्या हाताने जोड. सुरुवात ०८०५ या मापाच्या पार्टने कर, ते दोन मिलिमीटर लांब असतात, चिमट्यात धरता येतात. पहिला बोर्ड चालणार नाही. का चालला नाही ते तारीख टाकून वहीत लिही, पुढे मुलाखतीत तीच वही दाखव. सोबत सी भाषा नीट कर, कारण आता जवळपास प्रत्येक बोर्डावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी छोटी चिप असते, आणि हार्डवेअर व कोड दोन्ही वाचणारी माणसं कमी मिळतात. सुट्टीत भोसरीत किंवा सातारा रोडच्या इलेक्ट्रॉनिक इस्टेटीत जॉबवर्कवर बोर्ड जोडून देणारं एखादं लहान युनिट शोध आणि महिनाभर बिनपगारी का होईना, पण तपासणीच्या टेबलाशी बस. पार्ट लावायला बसवलं तर आठ दिवसांनी टेबल बदलून माग.

आणि कुलपातली ती सोल्डरगन २५ वॅटची आहे असं बाबांनी लिहिलंय. तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर ती गार पडेल, सोल्डरचा टाका धुरकट आणि दाणेदार दिसेल, आणि तुला वाटेल आपलाच हात चुकतोय. तापमान लावता येणारं सोल्डरिंग स्टेशन दोन-तीन हजारांत येतं. नऊ लाख वाचतायत, त्यातून बाबा तेवढं घेऊन देतील.