ड्युटीवर पडलात, मग दोन वर्षांची मुदत आधी बघा

ताई, हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर घसरून हात मोडला, आता भरपाई मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. ओल्या फरशीवर घसरून हात मोडलेल्या नर्स, आया, वॉर्डबॉय यांचे असे मेसेज सारखे येतात आणि सगळे चूक कुणाची यावरच अडकलेले असतात. तुमचा सुपरवायझर म्हणतो तुम्ही स्लिपर घालून पळत होतात. म्हणू दे त्याला. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही आणि तुमची असली तरी, नशा केली होती किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला होता असलं काही नसेल, तर दावा पडत नाही.

तुमचं अडलंय ते तारखेवर. पडलात जुलै 2024 मध्ये आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. एवढे महिने तुम्ही एचआरच्या "बघतो, बोलतो" वर काढले, एक साधा अर्ज देऊन पोच घेतली नाही, याचा खरंच राग येतो कारण दर वेळी हेच होतं. उशीर माफ होतो पण सबळ कारण लागतं, आणि तोंडी आश्वासन तिथे कितपत चालेल याची खात्री कुणीच देणार नाही.

मालकाला अपघाताची लेखी नोटीस दिली नाही म्हणून घाबरू नका, मालकाला अपघात दुसरीकडून कळला असेल तर तेवढ्यावरून दावा अडत नाही आणि तुमचं प्लास्टर तर त्यांच्याच कॅज्युअल्टीत झालंय. तो केसपेपर आधी काढा. मेडिक्लेम पास व्हावा म्हणून त्यावर "घरी बाथरूममध्ये पडल्या" लिहिलं आणि तुम्ही खाली सही केलीत! आता ड्युटी रोस्टर, हजेरी आणि त्या रात्रीच्या सिस्टरची साक्ष यांच्या जोरावर ते खोडावं लागेल, अवघड आहे पण होतं.

पगार 23,000 म्हणता म्हणजे बहुधा ईएसआय (ठराविक पगारापर्यंतच्या कामगारांचा सरकारी विमा) नसेल, तरी त्या महिन्याची स्लिप बघा. त्यात ईएसआयची कपात असेल तर हा दावा चालणार नाही, तो विमा चालवणाऱ्या ईएसआयसीकडेच जावं लागेल. कॉन्ट्रॅक्टरवर असलात तरी हॉस्पिटललाही पार्टी करता येतं. रक्कम अपंगत्वाच्या टक्क्यावर, आणि हिशोबाला महिन्याचा पगार 15,000 च्या वर धरत नाहीत. या 1923 च्या कायद्याच्या जागी नवीन सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तुमचा अपघात आधीचा, त्यामुळे माझ्या मते जुनाच कायदा लागेल.

निकालाला वर्षं जातील, कामगार न्यायालयांत तारखांवर तारखा पडतात आणि मोडलेल्या हाताने माणूस किती हेलपाटे घालणार, पण थकलेल्या रकमेवर 12 टक्के व्याज मागता येतं. या आठवड्यात वकील गाठा आणि दाखल केल्याचा शिक्का घेऊनच घरी या.