पाणथळीचा काठ: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात इंदूरच्या आसपासचे तलाव पायी आणि सायकलवरून कसे पाहावेत, याविषयी दोन पाने लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाचांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातल्या प्रश्नावर आपल्या तलावांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न (सुदामानगर): आम्ही काही निवृत्त मंडळी रोज सकाळी सिरपूर तलावावर फिरायला जातो. मार्चपासून पाणी मागे हटते आणि काठावर नुसता चिखल, वाळके गवत आणि वास उरतो. काठ दगडाने बांधून घ्यावा आणि तेथे बाग करावी, असा अर्ज आम्ही सर्वांच्या सह्यांनी देणार आहोत. आपले मत कळवावे.

उत्तर: आपल्या मंडळींचे तलावावर प्रेम आहे, म्हणूनच आग्रहाने सांगतो की हा अर्ज देऊ नये. आपण ज्याला चिखल म्हणता, ते पाखरांचे वाढलेले ताट आहे.

पुढच्या जानेवारीत एखाद्या सकाळी सूर्य उगवण्याच्या सुमारास मातीच्या पाळीवर अर्धा तास शांत बसून पाहा. कोरड्या मातीवर शेपटी हलवत धोबी पक्षी फिरत असतो. ओल्या चिखलात तुतवार चोच खुपसून किडे टिपतो. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या आपल्या गुलाबी काड्यांसारख्या पायांवर चालत असतो. त्याच्या पुढे, जेथे पाणी वीत-दीड वीत असते, तेथे थापट्या आपली पसरट चोच पाण्यावरून फिरवत असतो आणि चोचीवर पिवळा-लाल रंग मिरवणारे हळदी-कुंकू बदक डोके खाली, शेपटी वर करून तळातले दाणे काढत असते. वारकरी आणि टिबुकली बुडी मारतात, म्हणून ती त्याहूनही आत. प्रत्येकाच्या पायाची उंची आणि चोचीची लांबी ठरलेली असल्यामुळे प्रत्येकाची पंगतही ठरलेली आहे, आणि या सगळ्या पंगती मिळून पाच-पन्नास पावलांच्या उतरत्या काठावर बसतात. दगडी भिंत बांधली की कोरडी जमीन आणि खोल पाणी एकमेकांना भिडतात. मधल्या सगळ्या पंगती एका दिवसात उठतात. बुडी मारणारे तेवढे राहतात.

मार्चमध्ये पाणी मागे हटते ते तलावाचे दुखणे नाही. आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने तलाव आक्रसत जातो. या आक्रसण्याने उघड्या पडलेल्या गाळाला हवा लागते, त्यात गवत रुजते, आणि पावसाळ्यात त्याच गवतावर नवे पाणी चढले की अनेक जातींचे मासे तेथे अंडी घालायला येतात. काठावरची लव्हाळी आणि पाणकणीस वाहून येणारा गाळ अडवतात. वासाची तक्रार मात्र खरी आहे, पण वास चिखलाचा नसून सांडपाण्याचा असतो. अर्ज करायचाच असेल, तर तलावात येणारा प्रत्येक नाला शोधून त्याच्याविषयी करावा.

सिरपूर विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानाने शहराच्या पाण्यासाठी बांधला. 1970च्या दशकाच्या अखेरीस नर्मदेचे पाणी इंदूरला आले आणि जुन्या तलावांकडे शहराची पाठ फिरली. ही पाठ फिरलेली असताना छायाचित्रकार भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’चे कार्यकर्ते सिरपूरसाठी वर्षानुवर्षे झटत राहिले, याची आठवण आपल्या मराठी घरांतून व्हायला हवी. 2022 साली सिरपूर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार केलेल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आला आणि जानेवारी 2025मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोन शहरे. रामसर स्थळ असल्यामुळे 2017चे पाणथळ संवर्धन नियम सिरपूरला लागू आहेत. त्या नियमांनुसार, ते लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडला तर, पक्के बांधकाम करता येत नाही. बागेची हौस पाळीच्या बाहेरच्या अंगाला भागवता येईल: तेथे करंज आणि कडुनिंब लावावेत, बसायला चार बाकडी मागावीत. पाळीच्या आतला काठ मात्र आहे तसा असू द्यावा.

प्रश्न (राजेंद्रनगर): माझ्या दोन्ही मुलांना (वय 11 आणि 14) सायकलने यशवंत सागरला न्यायचे आहे. कधी आणि कसे जावे? सारस पक्षी दिसतील का?

उत्तर: देपालपूर रस्त्याने, हातोदच्या बाजूला, शहरापासून साधारण 25 किलोमीटर अंतर आहे. जाऊन-येऊन 50 किलोमीटर धाकट्यासाठी एकदम जास्त होतील. म्हणून आधी चार-पाच रविवार सिरपूरच्या फेऱ्या कराव्यात, आणि पहिल्या वेळी यशवंत सागरपर्यंत सायकली गाडीवर टाकून न्याव्यात व तेथून काठाकाठाने हिंडावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. देपालपूर रस्त्यावर वाहने वेगात असतात, त्यामुळे उजाडण्याआधी निघण्याचा मोह टाळावा.

पावसाळ्यात कच्च्या वाटेवर सायकल नेऊच नये. माळव्याची काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाडवासारखी घट्ट बसते, चाक फिरायचे थांबते, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते. शिवाय ओल्या पाळीवर चाकाने चर पडला की पुढच्या सरीत पाणी तेथूनच वाट काढते. त्या दिवसांत पाळीवर पायीच जावे. कोरड्या दिवसांसाठी 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात. घरी आल्यावर चाके आणि बूट धुऊन वाळवावेत, म्हणजे एका तलावातले बी किंवा जलकुंभीचा तुकडा आपल्याबरोबर दुसऱ्या तलावात जात नाही.

सारस दिसण्याची आशा धरायला हरकत नाही. यशवंत सागर हा मध्य भारतातला सारसांचा महत्त्वाचा आसरा समजला जातो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी ताठ उभा राहिला तर पावणेसहा फुटांपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या थोरल्या मुलाहूनही उंच. सारस हिवाळ्यात परदेशातून येत नाहीत, ते इथलेच रहिवासी आहेत. पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा पाणी साचलेल्या शेतात गवत-लव्हाळ्याचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते, आणि महिनाभर नर-मादी दोघे आळीपाळीने ती उबवतात. घरट्यावरची जोडी दिसली तर तेथे थांबू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. आपण जवळ गेलो म्हणून जोडी उठली, तर तेवढ्या वेळात कावळा अंडे फोडतो.

किती अंतर ठेवावे असे मुले विचारतील. त्यांना मीटर न सांगता खूण सांगावी. चरणाऱ्या बदकांच्या माना खाली असतात. एकाने मान वर केली की थांबावे. सगळ्यांच्या माना वर झाल्या की दहा पावले मागे यावे. एवढे कळलेले मूल कोणत्याही तलावावर नेण्याजोगे असते.

येथे एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी कच्च्या वाटेने सायकल नेत असताना एक टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी दुर्लक्ष करून पुढे निघालो होतो, पण तिचा आवाज इतका जवळ आला की ब्रेक दाबला. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, खड्यांच्या खळग्यात, मातीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी होती, टोके आत आणि बुडे बाहेर अशी नीट मांडलेली. मी सायकल उचलून मागे नेली आणि दूर जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. टिटव्या उन्हाळ्यात अंडी अशीच थंड ठेवतात. त्या दिवसापासून मार्च ते ऑगस्ट मी पाळीवरून सायकल चालवत नाही, हातात धरून चालतो. मुलांनाही ही सवय लावावी.

प्रश्न (तिलकनगर): आपण ‘उपोष्ण कटिबंधातील पाणथळी’ असे लिहिले होते. कर्कवृत्त तर उज्जैनच्याही उत्तरेकडून जाते. मग इंदूर उष्ण कटिबंधात नाही का?

उत्तर: नकाशाच्या रेषेने पाहिले तर आपले म्हणणे बरोबर आहे, इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस येते. परंतु हवामान रेषेवर थांबत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असलेल्या माळव्याच्या पठारावर हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते, म्हणून या भागाला उपोष्ण म्हणण्याचीही रीत आहे. तलावाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्याचे पाणी थंडीतही गोठत नाही, आणि म्हणूनच उत्तरेकडे बर्फ पडू लागला की तलवार बदकांचे थवे आपल्याकडे उतरतात.

प्रश्न (रामबाग): आम्ही महाविद्यालयीन मित्र तलावातली जलकुंभी काढण्याची मोहीम करणार आहोत. काय काळजी घ्यावी?

उत्तर: मोहीम जरूर करा. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि सोयीचे पाणी मिळाले तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे जाड पांघरूण पडले की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या. एक म्हणजे काम फेब्रुवारी ते मे या काळात करा. पाऊस सुरू झाल्यावर कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. दुसरे म्हणजे काढलेला ढीग काठावर सोडू नका, कारण पहिल्या पावसात तो पुन्हा पाण्यात जातो. पाळीपलीकडे नेऊन वाळवा आणि खत करा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. काय काढायचे नाही ते आधी शिका. कमळ, शिंगाडा, पाणकणीस हे सगळे हिरवेच दिसते आणि उत्साहात तेही उपटले जाते. पहिल्या दिवशी कोणी पाण्यात उतरू नये, काठाने फेरी मारून वनस्पती ओळखाव्यात. कमरेहून खोल पाण्यात कधीही जाऊ नये, जलकुंभीखाली तळाचा अंदाज येत नाही.

आणि जलकुंभी कशावर पोसते तेही पाहा. सांडपाणी येत राहिले तर पुढच्या वर्षी तुम्हाला तेवढाच ढीग पुन्हा काढावा लागेल.

प्रश्न (शहराबाहेरील एका नव्या वसाहतीतून): आमच्या वसाहतीमागे एक लहान जुने तळे आहे. रात्री ट्रॅक्टर येऊन त्यात मलबा टाकतात. हे तळे रामसर वगैरे काही नाही. आम्ही काय करू शकतो?

उत्तर: आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण मोठ्या तलावांना आता नाव आहे, पण पक्ष्यांचा थवा सिरपूरहून उठला की उतरतो तो अशाच बिननावाच्या तळ्यांवर.

2017चे नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या तळ्यांना आपोआप लागू होत नाहीत, म्हणून आपण महसुली कागदापासून सुरुवात करावी. पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) त्या जागेचा खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला क्रमांक, घ्यावा आणि खसरा व निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक वापराच्या जागांच्या नोंदीत) जागा तलाव म्हणून नोंदलेली आहे का ते पाहावे. नोंद असेल तर आपली बाजू भक्कम आहे. गावाच्या तळ्यासारख्या सामायिक जागांवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्व राज्यांना दिलेला आहे. ते प्रकरणही तळे बुजवण्याचेच होते. तहसीलदारांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. हद्द महानगरपालिकेची असेल तर ‘इंदूर 311’ या अॅपवर, आणि कोठेही दाद न मिळाल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवावा. उत्तर आले नाही तर महिन्याभरानंतर माहितीच्या अधिकारात त्या अर्जाचे काय झाले ते विचारावे. रात्री ट्रॅक्टर अडवायला मात्र एकट्याने जाऊ नये.

अर्जापेक्षाही उपयोगी पडतो तो पुरावा, आणि तो पायी जाणाऱ्यालाच गोळा करता येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तळ्याला एक पूर्ण फेरी घालावी. दिसलेले पक्षी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, त्यात आपल्या तळ्याचे नाव घालावे; एकदा मोजलेल्या तळ्याला ‘येथे काही नव्हतेच’ असे म्हणणे कठीण जाते. आणि दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. त्यात विजेचा खांब किंवा एखादे जुने झाड अवश्य येऊ द्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी पाण्याचा काठ त्या खांबापासून किती सरकला आणि मलबा किती पुढे आला, हे तहसीलदारांच्या टेबलावर दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवता येईल.