वाचकांचे प्रश्न : मांजरीची आजारी पिले, आधी ऊब आणि मग दूध

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहतो. भाव वाढेल या आशेने पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस माजघरात साठवून ठेवला आहे. त्याच ढिगात आमची मांजर पाच दिवसांपूर्वी व्याली. चार पिलांपैकी एक तिसऱ्या रात्री मेले. उरलेल्यांपैकी एक चांगले पिते, दुसरे बाजूला पडून राहते आणि हाताला गार लागते, तर तिसऱ्याची मिटलेली पापणी सुजून कोपऱ्यातून पिवळा पू येतो. परवापासून आम्ही बोळ्याने गाईचे दूध पाजत आहोत, पण त्यामुळे त्यांना पातळ पिवळी हगवण लागली आहे. मांजर बराच वेळ बाहेर असते. सासूबाई म्हणतात, ‘‘पिलाले हात लावू नोको, मांजर खाऊन टाकते.’’ गुरांचा दवाखाना दूर आहे. काय करावे?

उत्तर : पिलांचे वय पाहता वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून पत्र हाती आले त्याच दिवशी या भगिनींना फोनवर थोडक्यात उत्तर दिले. कापसाच्या दिवसांत अशी पत्रे दर वर्षी येतात, त्यामुळे तेच उत्तर येथे सविस्तर देत आहे.

गार पडलेल्या पिलाला दूध पाजू नका. आधी त्याला ऊब द्या. पहिल्या आठवड्यात पिलाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. थंडी वाजली तरी त्याला कुडकुडता येत नाही, ते केवळ आईच्या आणि भावंडांच्या अंगाच्या उबेवर जगते. मोठ्या मांजरीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर या वयाच्या निरोगी पिलाचे ३५ ते ३७ अंश. ते साधारण ३४ अंशांच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते, पाजलेले दूध पोटात तसेच पडून नासते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. थंड पडलेल्या पिलाला आईही पुष्कळदा बाजूला सारते. लोक त्याचा अर्थ ‘मांजरीने टाकले’ असा लावतात, परंतु तेच पिलू उबदार होऊन ओरडू लागले की तीच मांजर त्याला चाटताना आणि जवळ घेताना मी अनेकदा पाहिली आहे.

घरी थर्मामीटर नसेल तर हात स्वच्छ धुऊन करंगळीचे टोक पिलाच्या तोंडात घाला. आत कोमट लागले तर ठीक. माठाला बोट लावल्यासारखे गार लागले तर दुधाचे भांडे बाजूला ठेवा. पिलू मऊ सुती कापडात गुंडाळून आपल्या अंगाशी, कपड्याच्या आत धरावे आणि दर दहा मिनिटांनी कूस बदलावी. एका वेळी तास-दीड तास बसावे लागते आणि त्याला दुसरा उपाय नाही. घाईने चुलीपुढे धरणे किंवा गरम पाण्यात बुडवणे घातक असते, कारण कातडी तापते आणि आतला जीव गारच राहतो. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तशी शेगडी पिलांच्या खोक्याखाली ठेवू नका. धुराने त्यांची नाजूक फुप्फुसे बिघडतात, आणि घरात कापसाचा ढीग असताना एक ठिणगी काय करू शकते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. याच कारणाने बल्बही नको.

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे असेच एक पिलू आले होते. ते भुकेले आहे, एवढेच मला दिसले. मी ड्रॉपरने दूध पाजले, त्याने ते गिळलेही, आणि अर्ध्या तासात नाकपुड्यांतून दुधाचे बुडबुडे येऊन ते माझ्या हातावर गेले. त्या दिवशी कोणी माझ्या हाताला धरून ‘आधी ऊब’ एवढे दोनच शब्द सांगितले असते तर ते वाचण्याची शक्यता होती. म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आता जागेविषयी. सरकीसकटचा कापूस मऊ दिसला तरी पिलांसाठी चांगला नाही. त्याचे धागे पायांना आणि मानेला गुंडाळले जाऊन काचतात आणि त्यात पिसवा व बारीक किडे लपून राहतात. साठवलेल्या कापसामुळे माणसांच्या अंगालाही खाज सुटते, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. किराणा दुकानातून बिस्किटांचा रिकामा खोका आणा, तळाशी कागद आणि वर जुन्या लुगड्याच्या दोन-तीन घड्या अंथरा. प्लॅस्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे ऊब जास्त झाली तर पिलांना दुसरीकडे सरकता येईल. पहिल्या आठवड्यात पिलांजवळची हवा ३० ते ३२ अंश असावी लागते. कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडे पहाटे पारा पुष्कळदा १५ अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे रात्री किमान दोनदा उठून बाटलीतले पाणी बदलावे लागेल.

हा खोका मांजर व्याली त्याच कोपऱ्यात ठेवा. सासूबाईंची भीती पूर्णपणे निराधार नाही. मेलेले पिलू मांजर कधी कधी खाते आणि माणसांची वर्दळ, आरडाओरडा किंवा बोक्याचा वावर असला तर पिले हलवते. ‘मांजर पिलांना सात घरे फिरवते’ ही म्हण त्यातूनच आली आहे. मात्र घरातल्या ओळखीच्या माणसाचा हात लागला म्हणून ती पिलांना खात नाही. एकाच व्यक्तीने, हात धुऊन, शक्यतो ती समोर असताना पिले हाताळावीत. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये. बोका मात्र लहान पिलांना खरोखर मारतो, त्यामुळे रात्री त्या खोलीचे दार बंद असणे आवश्यक आहे.

पिलाचे तोंड कोमट झाले आणि ते चोखू लागले की पहिला घास आईचाच. तत्पूर्वी ग्लुकोजच्या कोमट पाण्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांना चोळले तर त्याला चोखण्याची ताकद येते. चांगले पिणारे पिलू थोडा वेळ बाजूला ठेवून अशक्त पिलाला आचळाशी धरा आणि दर दोन-तीन तासांनी हे करा. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात आणि स्निग्धांशही पुष्कळ जास्त असतो, तर गाईच्या दुधातील शर्करा पिलांना नीट पचत नाही. तुमच्या पिलांची हगवण बहुधा त्यामुळेच आहे. आईचे दूध पुरत नसेल तर मांजरीच्या पिलांसाठीची तयार दूधभुकटी नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून मागवावी. ती येईपर्यंत एखाद-दुसऱ्या दिवसाची वेळ शेळीच्या दुधावर निभावता येते, परंतु तो पूर्ण आहार नव्हे.

पाजताना पिलू पोटावर, आईला पिताना असते तसे ठेवा. माणसाच्या बाळासारखे उताणे कधीही धरू नका. बोळ्याऐवजी सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्या आणि थेंब थेंब, त्याने गिळल्यावरच पुढचा द्या. १०० ग्रॅम वजनाच्या पिलाच्या पोटात एका वेळी सुमारे ४ मिलिलिटरपेक्षा जास्त मावत नाही. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने शेपटीखाली हलकेच पुसा, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत आईने चाटल्याशिवाय किंवा आपण पुसल्याशिवाय पिलांना लघवी-शौच होत नाही. आई चाटत असेल तर हे काम तिच्यावर सोडा.

सुधारणा होते आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, ते काट्यावर कळते. गावातल्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा रोज एका ठरावीक वेळी अर्ध्या तासासाठी मागून आणा, वाटीत पिलू ठेवून वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. जन्मतः पिलू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. वजन एक दिवस स्थिर राहिले तर सावध व्हावे, आणि घटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सुजलेल्या डोळ्याचे काम तातडीचे आहे. पिलांचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात. त्याआधी पापणीमागे पू साचला तर बुबुळ कायमचे खराब होऊ शकते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापणीवर पाच मिनिटे ठेवा, नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसा, प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करा. पापणी ओढून उघडू नका; ते डॉक्टरांचे काम आहे. घरात पडून असलेले डोळ्यांचे जुने थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असेल तर जखम वाढते. मुलांच्या तापाचे पॅरासिटामॉल मांजरीला किंवा पिलांना एक थेंबही देऊ नका. मांजरीच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि माणसाची एक गोळी मोठ्या मांजरीचाही जीव घेऊ शकते.

मांजर बराच वेळ बाहेर असते, याचे कारण बहुधा भूक आहे. दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुपटीहून अधिक अन्न लागते आणि दूध-भाकरीवर ते भागत नाही. उकडलेले अंडे, काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस दिवसातून तीन-चार वेळा खोक्याजवळच ठेवा, शेजारी पाणी ठेवा. तिच्या पोटावरूनही हलका हात फिरवून पाहा. एखादे आचळ गरम, लाल आणि कडक लागले, शेपटीखालून दुर्गंधीयुक्त स्राव येत असला, तिने खाणे सोडले असले, तर तिलाही उपचार हवे आहेत. ती थरथरू लागली किंवा पाय ताठ होऊन अडखळू लागली तर रक्तातील कॅल्शियम कमी झालेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता निघावे लागते.

दवाखान्यात नेताना आईसह सर्व पिले त्याच खोक्यात, गरम बाटलीसह न्या. मोटारसायकलवरचा पहाटेचा वारा पिलांना तासाभरात गारठवतो, म्हणून खोक्याला हवेपुरती भोके ठेवून वरून घोंगडी घ्या आणि ऊन पडल्यावर निघा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, म्हणून मांजर घेऊन जायला पुष्कळांना संकोच वाटतो. तो बाळगू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर चौकशी करता येते. गुंतागुंत असेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था येथे तपासणीची सोय आहे.

(या भगिनींचा नंतर फोन आला. गार पडलेले पिलू दुसऱ्या दिवशी दुपारी आईला पिऊ लागले. डोळ्याचे पिलू तालुक्याला नेऊन आणले असून मलम चालू आहे.)

प्रश्न : आमच्या मांजरीच्या पिलांच्या अंगावर पिसवा फार आहेत. कोठ्यात गुरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध पाण्यात मिसळून लावले तर चालेल का? (एक शेतकरी, वाशीम जिल्हा)

उत्तर : कृपया लावू नका. गोचिडाच्या औषधांत बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते, आणि बैलाला सोसणारे हे औषध मांजरीला झटके आणून मारू शकते. मांजर अंग चाटते, त्यामुळे आईला लावले तरी ते तिच्या पोटात आणि पिलांच्या तोंडात जाते. फिनेल, डेटॉल, रॉकेल आणि डांबराच्या गोळ्याही मांजरांपासून दूरच ठेवाव्यात.

तरीही पिसवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, कारण एवढ्याशा पिलाच्या अंगातले रक्त त्या शोषून संपवतात. पिलाची हिरडी उघडून पाहा. ती गुलाबीऐवजी पांढुरकी दिसत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. नाही तर घरातली उवा काढायची फणी घ्या, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा, पिलू उन्हात मांडीवर घेऊन मानेपासून शेपटीकडे फणी फिरवा आणि सापडलेल्या पिसवा वाटीत बुडवा. अंथरूण रोज बदलून गरम पाण्यात धुवा. आईसाठी दूध पाजण्याच्या काळात चालणारे औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या. जंताचे औषध मात्र पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करता येते.

प्रश्न : घरात सून गरोदर आहे आणि मांजरही व्याली आहे. मांजर पिलांसह शेतात सोडून द्यावी, असे शेजारी सुचवतात. (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : सोडण्याची गरज नाही, शेतात त्या पिलांचा टिकाव लागणार नाही. गर्भाला अपाय करू शकणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजरीच्या विष्ठेतून पसरतो हे खरे आहे, परंतु ती विष्ठा बाहेर पडल्यानंतर किमान एक दिवस गेल्यावरच संसर्ग करू शकते. म्हणून मांजरीची घाण रोजच्या रोज आणि सुनेऐवजी दुसऱ्या कोणी उचलावी. सुनेने मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, भाजी धुऊन घ्यावी आणि मांस नीट शिजलेलेच खावे. मांजर चावली किंवा तिने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिले तीन महिन्यांची झाली की त्यांना रेबीजची लस द्या. आईला पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा गर्भ राहू शकतो, त्यामुळे पिले साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत तिला बोक्यापासून दूर ठेवा आणि त्यानंतर लगेच तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या.