वाचकांचे प्रश्न : एक खोली, दोन नावे आणि न घडलेला व्यभिचार

प्रश्न : निवृत्तीनंतर मी संध्याकाळी मोबाइलवर जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट पाहतो. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचा संशय हाच विषय असलेले, स्वस्तात उरकलेले बरेच चित्रपट त्यांत आढळले. पण बहुतेकांत प्रत्यक्ष काहीच घडत नाही. ही निर्मात्यांची काटकसर होती की सेन्सॉरची धास्ती?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही होत्या, परंतु मला तिसरे कारण अधिक वजनदार वाटते आणि ते घटस्फोटाच्या कायद्यात आहे.

आधी काटकसरीविषयी. १९२७च्या कायद्याने ब्रिटनमधील चित्रपटगृहांवर ठरावीक प्रमाणात देशी चित्रपट दाखवण्याची सक्ती केली. वितरकांनाही तसेच बंधन असल्यामुळे अमेरिकी कंपन्या एका फुटाला सुमारे एक पौंड या हिशेबाने तासाभराचे चित्रपट घाईघाईने बनवून घेऊ लागल्या. या ‘कोटा क्विकीं’ना १९३८च्या कायद्यातील किमान खर्चाच्या अटीने आळा बसला. लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहातील बेन ट्रॅव्हर्स यांच्या फार्सांवरून निघालेले चित्रपट या वर्गात मोडत नाहीत, पण त्यांचाही संसार आटोपशीरच होता : रंगमंचावर घासूनपुसून तयार झालेले संवाद, राल्फ लिन आणि टॉम वॉल्स यांच्यासारखी ठरलेली नटमंडळी आणि बहुतेक कथा चार भिंतींच्या आत.

आता कायदा. इंग्लंडमध्ये १९३७पर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हेच जवळपास एकमेव कारण ग्राह्य होते आणि नवराबायकोने आपसांत ठरवून अर्ज केल्याचे उघड झाले, तर तो फेटाळला जाई. त्यामुळे ज्यांचे केवळ पटत नव्हते अशांपैकी अनेक नवरे ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावी पैसे देऊन आणलेल्या बाईसह हॉटेलात उतरत, वहीत ‘श्री. व सौ.’ अशी नोंद करत आणि सकाळचा चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने आपल्याला एकत्र पाहावे, अशी तजवीज करत. पुढे तीच मोलकरीण न्यायालयात साक्षीदार म्हणून उभी राही. व्यभिचार घडो न घडो, त्याचा पुरावा मात्र चोख असे.

हे ध्यानात घेतले म्हणजे ट्रॅव्हर्स यांच्याच फार्सावरील ‘अ कुकू इन द नेस्ट’ (१९३३) या चित्रपटातील गंमत खऱ्या अर्थाने कळते. गाडी चुकल्यामुळे एक विवाहित गृहस्थ आणि एक परस्त्री यांना आडगावच्या खाणावळीत रात्र काढावी लागते. रिकामी खोली एकच आणि मालकीण अशी कडक की, पतिपत्नी म्हणून नाव लिहिल्याशिवाय थारा मिळणे कठीण. नायक बिचारा रात्रभर निजायला जागा शोधत राहतो, तरी वहीतील ती एक ओळ त्याला पुरती गोत्यात आणते. त्या काळच्या प्रेक्षकाला अशा एका ओळीची किंमत ठाऊक होती. लेखक व खासदार ए. पी. हर्बर्ट यांच्या प्रयत्नांतून १९३७चा कायदा झाला आणि क्रूरता, परित्याग व असाध्य वेड ही कारणेही ग्राह्य ठरली.

सेन्सॉरचे म्हणाल, तर नाटकांना परवानगी देणारा राजदरबारी अधिकारी म्हणजे लॉर्ड चेंबरलेन, त्याचा रंगभूमीवरील अंमल १९६८पर्यंत टिकला. तो उठल्यावर रंगमंचावरचे आणि त्याच सुमारास चित्रपटांतलेही कपडे कमी झाले, पण माझ्या मते विनोदही त्याच प्रमाणात उणावला. लपवण्यासारखे काही उरले नाही, तर दारे बडवण्यात काय हशील? रे कूनी यांचे दोन घरे सांभाळणाऱ्या टॅक्सीचालकाचे नाटक लंडनमध्ये १९८३पासून वर्षानुवर्षे चालले. त्यावरील ‘रन फॉर युअर वाइफ’ हा सुमारे नऊ लाख पौंडांचा चित्रपट २०१३मध्ये आला आणि पहिल्या शनिवार-रविवारी त्याने अवघे ६०२ पौंड कमावले.

सांगलीकरांना हा प्रकार परका वाटू नये. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी आर्थर मर्फी यांच्या १७६१मधील इंग्रजी नाटकावरूनच ‘संशयकल्लोळ’ बेतले. तेथेही एका तसबिरीवरून आगडोंब उसळतो आणि घडलेले काहीच नसते. फरक इतकाच की, फाल्गुनरावांचा संशय त्यांच्या स्वभावातच मुरलेला आहे, तर ब्रिटिश चित्रपटातील नवऱ्याला घेरणारी मंडळी बाहेरची असतात : खाणावळीची मालकीण, सासू, नोंदवही. मला स्वतःला फाल्गुनराव अधिक रुचतात, कारण त्यांच्या आजाराला कोणताही कायदा उतारा देऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेला असाच एखादा फार्स थोड्या पैशांत चित्रित करायचा आहे. काय सांभाळावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाटकात हशा ओसरेपर्यंत नट थांबतो, तेच थांबणे कॅमेऱ्यापुढे केले की प्रसंग पांगळा होतो, म्हणून तालमी पुन्हा घ्याव्यात. एक दार बंद होताना दुसरे उघडलेले एकाच चौकटीत दिसावे. तेथे कात्री चालवू नये. परवानगीचाही विचार करावा : ट्रॅव्हर्स १९८०मध्ये निवर्तले, त्यामुळे भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या एकट्याच्या लेखनावरील हक्क २०४०अखेरपर्यंत राहतील. देवल १९१६मध्ये गेले. त्यांच्या संहितेसाठी कोणाची परवानगी काढावी लागणार नाही.