ख्रिश्चन लोक 'आमच्यात नियम नाहीत, प्रभूशी नातं आहे' असं म्हणतात म्हणजे नक्की काय? मग चर्च, उपवास, दहा आज्ञा कशासाठी?

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तो टोमणा नाहीये, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलाय. तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधली ख्रिश्चन मैत्रीण म्हणते आमच्यात नियम नाहीत, नातं आहे, आणि तीच लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, नॉनव्हेज सोडते, रविवारचं चर्च चुकवत नाही, मग हे नियम नाहीत तर काय. आणि चर्चला न जाता हे नातं ठेवता येतं का, असंही विचारलंय. मी नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती, आमच्या घरात ही श्रद्धा पणजोबांपासून आहे, तर मला जसं समजलंय तसं सांगते.

आधी एक स्पष्ट करते, 'नियम नाहीत' हे तुमच्या मैत्रिणीचं वाक्य अर्धंच आहे. नियम आहेत की. प्रश्न आहे आधी काय आणि नंतर काय. दहा आज्ञा बायबलमध्ये निर्गमच्या 20व्या अध्यायात आहेत, आणि तिथे पहिली आज्ञा यायच्या आधी एक वाक्य आहे जे लोक पाठ करताना सोडून देतात, देव म्हणतो की तुला मिसर (इजिप्त) देशातून, गुलामगिरीच्या घरातून बाहेर काढणारा तुझा देव मीच. म्हणजे आधी सुटका झाली, समुद्र ओलांडून झाला, आणि मग सीनाय डोंगरापाशी आज्ञा मिळाल्या. देवाने मिसरात जाऊन 'या दहा गोष्टी पाळून दाखवा, मग सोडवतो' असं म्हटलं नाही. हा क्रम उलटा केला की ख्रिस्ती श्रद्धेचं सगळंच उलटं होतं, आणि आमच्यातलेच कितीतरी लोक आयुष्यभर तो उलटा धरून जगतात.

घरात भाडेकरू असतो आणि मुलगाही असतो. दोघंही रात्री वेळेत येतात, दोघंही जिना झाडतात, पाण्याची मोटर बंद करतात, बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसणार नाही. पण भाडेकरूच्या मनात सारखं ॲग्रीमेंट असतं, अकरा महिने झाले की काय, आणि मुलाच्या मनात ते कधी येतच नाही. बायबलमधल्या योहानच्या 8व्या अध्यायात येशू असंच काहीसं बोलतो, की दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. आम्ही नातं म्हणतो ते हे, की मी चांगली वागले म्हणून घरात नाहीये, घरातली आहे म्हणून चांगलं वागायचंय.

यावर येशूने सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उधळ्या पुत्राची, लूक 15. ती बहुतेकांना अर्धीच माहीत असते, धाकटा मुलगा इस्टेटीतला वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत येतो आणि बाप धावत जाऊन मिठी मारतो. पण ही गोष्ट येशू सांगतोय कुणाला ते बघा, अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे, परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते की हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या लोकांना ही गोष्ट सांगितलीय, आणि त्यांचा माणूस त्यात थोरला भाऊ आहे. तो शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो, गड्याला विचारतो काय चाललंय, आणि आत जायलाच तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, तेव्हा तो काय म्हणतो, की मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. बघा ना, घरातच राहिलेला मुलगा, सगळे नियम पाळलेला, आणि बापाकडे बघताना त्याला दिसतो तो मालक. बापाचं उत्तर मला अजूनही हलवून सोडतं, बाळा तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. करडू मागायचीसुद्धा गरज नव्हती. आणि तो थोरला शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाहीये, गोष्ट तिथेच सोडून दिलीय, कारण ऐकणारे थोरले भाऊ समोरच उभे होते.

आता तुम्ही म्हणाल ही झाली बायबलमधली गोष्ट, खऱ्या माणसाचं सांगा. तर पंडिता रमाबाई. त्यांचं समाजकार्य शाळेच्या पुस्तकात असतं पण त्यांच्या श्रद्धेचा प्रवास फार कमी लोकांनी वाचलाय. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा माणूस, सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं. मग 1876-77 च्या सुमाराचा दक्षिणेतला दुष्काळ आला. आपल्याकडून धर्माचं काही राहून जातंय का या भीतीने त्यांनी स्नानं, उपास, जप, दानधर्म सगळं केलं, होते नव्हते ते पैसे त्यात संपले, आणि त्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. पुढे 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे लहानग्या मुलीबरोबर, मनोरमाबरोबर, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती दीक्षा घेतली.

इथे गोष्ट संपत नाही, मला सांगायचंय ते इथून पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं त्या अस्वस्थ होत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी आणि बिशप लोकांशी त्यांचे वाद चालायचे, त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं की इतक्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही. बुद्धीने त्यांना सगळं पटलेलं होतं, सिद्धांत माहीत होते, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, बायकांसाठी एवढं मोठं काम चालू होतं. आणि तरीही बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्याच काळात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं, हा माणूस वर्षानुवर्षं चर्च चालवत होता आणि 1851 मध्ये कॉर्नवॉलला व्यासपीठावर उभं राहून उपदेश करता करता स्वतःच विश्वासात आला. पाळकालासुद्धा हे नव्याने मिळावं लागतं, हे वाचून रमाबाई थबकल्या.

म्हणून कुणी मला म्हटलं की हिंदू धर्म म्हणजे कर्मकांड आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे नातं, तर मला ते अजिबात पटत नाही. रमाबाईंनी कर्मकांड दोन्हीकडे अनुभवलं. आणि उलट बाजूने बघा, आमच्या नगरचे रेव्हरंड टिळक, नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, ते म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. देवाशी भांडणारा, रुसणारा, त्याला माउली म्हणणारा तुकाराम ज्याने वाचलाय त्याला नातं म्हणजे काय हे मी वेगळं काय सांगणार. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाहीये. आमची आजीही तांदूळ निवडता निवडता प्रभूशी बोलत बसायची, 'प्रभू, तूच बघ आता, मी सांगून थकले त्याला', हे चुलत्याबद्दल असायचं, आणि मधेच आम्हाला 'गॅस बारीक कर गं' असं सांगून परत तिकडे. तिची प्रार्थना कुठे सुरू व्हायची आणि कुठे संपायची हे आम्हाला कधी कळलं नाही.

पण हिशेबी धर्म किती क्रूर असतो ते मला कळलं बाबांच्या आजारपणात. ते आयसीयूत होते, आणि आमच्याच ओळखीतलं एक माणूस घरी येऊन आईला म्हणालं की दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, नीट दिला नसेल, काहीतरी पाप लपलं असेल, घरातल्या सगळ्यांनी इतके दिवस उपवास धरा, मग प्रभू ऐकेल. आई आधीच अर्धी झालेली, ती बिचारी रात्रभर जुन्या पावत्या काढून बघत बसली. मला त्या माणसाचा राग अजून आहे, कारण बायबल याच्या सरळ विरुद्ध बोलतं. योहान 9 मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो यानेही नाही आणि त्यांनीही नाही. बायबलमध्ये दोष नसताना संकटं आलेला ईयोब आहे, त्याचे मित्र त्याला असाच हिशेब सांगत बसतात तेव्हा शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवरच. बाबा वाचले नाहीत. मी त्या दिवसांत देवाला काही द्यायचं कबूल केलं नव्हतं, सौदा नव्हता, म्हणून तो मोडलाही नाही. मी त्याच्यावर चिडले, रडले, आणि बोलणं मात्र थांबवलं नाही, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तर अशा चिडलेल्या प्रार्थना भरपूर आहेत. जिथे चिडता येतं आणि तरी दार बंद होत नाही, त्याला मी नातं म्हणते.

आता याचा गैरफायदाही घेतला जातो, तेही सांगायला हवं. 'मला प्रभूने सांगितलं' असं म्हणून लोक वाटेल ते करतात, कुणाची जमीन अडवतात, सुनेला छळतात आणि रविवारी पहिल्या बाकावर हात वर करून गातात. मत्तय 7 मध्ये येशू म्हणतो की त्या दिवशी पुष्कळ जण सांगतील आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, चमत्कार केले, आणि मी त्यांना म्हणेन मला तुमची कधी ओळखच नव्हती. आणि योहानच्या पहिल्या पत्रात तर सरळ आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही तो न दिसणाऱ्या देवावर काय करणार. वैयक्तिक म्हणजे खासगी नव्हे. रमाबाईंचंच बघा, ख्रिस्त मिळाल्याचा तो अनुभव आल्यावर त्या डोळे मिटून बसल्या नाहीत, 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, 1900 च्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं, मुक्तीतल्या बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. हे काम करून कुणाची मर्जी मिळवायची राहिली नव्हती, ती मिळालेलीच होती.

तुमच्या मैत्रिणीच्या लेंटचं म्हणाल तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे रविवार सोडून चाळीस दिवस, येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता त्याची आठवण. आम्हा प्रोटेस्टंट लोकांत बरेच जण धरतात, बरेच धरत नाहीत, त्यावरून कुणी कमीजास्त ख्रिस्ती ठरत नाही. येशूने उपवासाची एकच रीत सांगितलीय, तोंड धू, डोक्याला तेल लाव, म्हणजे बघणाऱ्याला कळणार नाही. तुमची मैत्रीण कदाचित कॅथलिक असेल, त्यांच्याकडे यातल्या काही गोष्टी चर्चने नेमून दिलेल्या असतात आणि आम्हाला वाटतं ते नियमांतच अडकलेत, पण माझी वसईची मैत्रीण मला सांगते की मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनची भाकर घेताना तिला प्रभू जितका जवळ वाटतो तितका कुठेच नाही. आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या आपल्या पहिल्याच परिपत्रात लिहिलंय की ख्रिस्ती होणं म्हणजे एखादा नैतिक निर्णय किंवा मोठा विचार नव्हे, ती एका व्यक्तीशी झालेली भेट आहे. म्हणजे बाहेरची रीत वेगळी, आतलं म्हणणं तेच.

राहिलं चर्चला जाण्याचं. नाही गेलं तर देव हजेरी कापतो का, तर नाही. मी कॉलेजला पुण्यात असताना महिनोन्महिने जात नव्हते आणि माझं बोलणं चालू होतं. पण एकटीने हे नातं ठेवणं अवघड जातं हेही खरंय, कारण एकटं असलं की देवही हळूहळू आपल्याच मतांचा व्हायला लागतो. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तुम्हाला न आवडणारी माणसं असतात, सूर सोडून गाणारे काका असतात, आणि प्रभुभोजनाच्या (कम्युनियनला आम्ही असं म्हणतो) वेळी त्याच भाकरीचा तुकडा त्यांनाही मिळतो. बाबा आयसीयूत असताना तो दशांशवाला माणूस मंडळीतलाच होता, आणि आठ दिवस हॉस्पिटलला डबा आणणाऱ्या दोन बायकाही मंडळीतल्याच, त्यातल्या एकीशी आईचं तोवर बोलणंसुद्धा नव्हतं.

वाचायचं असेल तर लूक 15 आणि योहान 4 वाचा, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट, रमाबाईंच्या मनावरही याच गोष्टीने पहिल्यांदा परिणाम केला होता. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. मग काही अडलं तर खाली कमेंटमध्ये विचारा, मला जमेल तसं सांगेन, आणि तुमच्या मैत्रिणीलाही विचारा, ती लेंट का धरते ते, माझ्या अंदाजापेक्षा तिचं उत्तर जास्त कामाचं असेल.