‘कुठचे तुम्ही?’ : किनाऱ्यावर फोटो काढताना

या वेळच्या पत्रांत लेन्स आणि सेटिंगपेक्षा माणसांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत, आणि बहुतेक सगळे कोकणच्या किनाऱ्यावरून आलेले. मला याचा आनंद वाटला. चांगला कॅमेरा घेतलेल्या कितीतरी मंडळींचे फोटो माणसांपासून वीस पावलांवरच अडकून राहतात. ते अंतर झूमने कापता येत नाही.

हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव टिपायला गेलो होतो. कॅमेरा वर केला तशी एक मावशी ओरडली, ‘फोटो नको!’ मग आजूबाजूच्यांनीही पाठ फिरवली. अशा ठिकाणी बोलायला सुरुवात तरी कशी करावी?
— एक वाचक, पुणे

लिलाव सुरू असताना करूच नये. बोली चालू असते तेव्हा त्या बायकांच्या दिवसभराच्या कमाईचा निकाल लागत असतो. एका टोपलीमागे चुकीचा आकडा तोंडून गेला तरी नुकसान त्यांचं. तुम्ही तासभर आधी जा. होड्या यायच्या असतात, बर्फ फोडून ठेवलेला असतो, बायका वाट बघत बसलेल्या असतात. तेव्हा कॅमेरा पिशवीत नको, गळ्यातच असू द्या, पण हात त्याच्यावर नको. लपवलेला कॅमेरा नंतर बाहेर काढला की फसवल्यासारखं वाटतं.

पहिला प्रश्न बहुधा त्याच विचारतील: ‘कुठचे तुम्ही?’ खाली मालवणकडे असाल तर ‘खंयसून इलात?’ याला नुसतं ‘पुण्याहून’ म्हणून थांबू नका. मूळ गाव कुठलं, इथे कुणाकडे उतरलात, कशासाठी आलात, सगळं नीट सांगा. कोकणात ही चौकशी म्हणजे उगाच नाक खुपसणं नव्हे. आलेला माणूस कुठे बसवायचा ते ठरवण्याची ती रीत आहे. उत्तर मिळालं की तुम्ही कुणीतरी होता, तोवर नुसता कॅमेरा असता.

त्या मावशींच्या रागालाही कारण असू शकतं. किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच घेरणारे, यांचा वाद जुना आहे. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तेव्हा होडीचा, जाळ्याचा, होडीवरच्या नंबराचा फोटो कुणाच्या हातात पडेल ही शंका रास्तच आहे. शिवाय २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर बंदरांवर पोलिसांची नजर वाढली. अनोळखी माणूस फोटो काढताना दिसला की ‘पत्रकार की सरकारी?’ हा प्रश्न मनात येतोच. म्हणून आपण कोण नाही, हेही सांगावं: मी पेपरवाला नाही, खात्याचा नाही, हौसेने फोटो काढतो.

मग मासळी घ्या, खरोखर खायची असेल तेवढीच. पापलेट परवडत नसेल तर बांगडे घ्या. घेताना निवडायचं कसं ते विचारा. कल्ले उघडून लाल दाखवणारा हात, बोटाने दाबून बघणारा अंगठा, इथे तुमचा फोटो आहे, आणि ‘असाच हात धरा ना मावशी’ म्हणायला आता संकोच उरत नाही. लेन्स ३५ मिमीची किंवा फार तर ५० मिमीची. एवढ्या लेन्सने फोटो काढायचा तर बोलण्याइतकं जवळ जावंच लागतं. ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दुरून टिपलेला चेहरा मला बहुतेक वेळा चोरून घेतल्यासारखा दिसतो. आणि एवढं सगळं होऊनही कुणी ‘नको’ म्हणाली तर नकोच. हसून मान हलवा आणि तिथेच थांबा. लगेच निघून गेलात तर बोलणं फोटोपुरतंच होतं हे सगळ्यांना कळतं.

निवांत गप्पांसाठी सगळ्यात चांगले दिवस जून-जुलैचे. मासेमारी बंद, होड्या झावळांनी शाकारलेल्या, माणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली. पर्यटक नाहीत. उजेड मऊ. सिलिका जेलची पाकिटं मात्र बॅगेत भरपूर ठेवा, त्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मला मासेमारीतलं काही कळत नाही. तांडेलाशी (होडीच्या प्रमुखाशी) किंवा रापणकरांशी (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांशी) बोलायला विषयच सुचत नाही. उगाच प्रश्न विचारले तर ते उपरे वाटतात.
— एक वाचक, ठाणे

भरती-ओहोटीबद्दल विचारा. हा तुमच्याही कामाचा विषय आहे, म्हणून तो प्रश्न खोटा वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, आणि नेमका किती फरक ते त्या गावचा माणूसच सांगतो.

आता याचा फोटोसाठी अर्थ बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तेव्हा उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि सूर्य बुडताना ओल्या वाळूचा मोठा आरसा समोर असतो. गुहागरसारख्या लांबलचक, सपाट किनाऱ्यावर हे दृश्य बघत राहावं असं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी गेलात तर पाणी वर चढलेलं. तेव्हा खडकांवर फुटणाऱ्या लाटा टिपाव्यात, पण खडकावर उतरायच्या आधी कुणाला तरी विचारूनच. शेवाळ कुठे आहे आणि मागून पाणी कुठून भरतं ते ॲपमध्ये दिसत नाही.

हा हिशेब तुम्ही अर्धवट मांडा आणि ‘बरोबर का काका?’ एवढं विचारा. पुढचं ते बोलतील: भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कसं सुस्त असतं, कुठला वारा सुटला की होडी काढत नाहीत. ऐकताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघू नका. रापण ओढताना कुणी ‘धरा दोर’ म्हणाला तर कॅमेरा बॅगेत ठेवून खरंच दोर धरा. पायाला वाळू कशी लागते, कंबरेतून जोर कसा येतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी कुठे उभं राहून फोटो घ्यायचा ते आपोआप कळतं.

आरे-वारेला ट्रायपॉड लावला की पर्यटक गोळा होतात. ‘केवढ्याचा कॅमेरा? किती झूम होतो?’ उत्तरं देता देता सूर्य बुडून जातो. न दुखावता टाळावं कसं?
— एक वाचक, कोल्हापूर

टाळू नका, पुढे ढकला. ‘दहा मिनिटं उजेड आहे, तेवढं काढून घेतो, मग सगळं दाखवतो,’ असं म्हटलं की माणसं थांबतात, आणि जी थांबतात तीच खरी उत्सुक असतात. सूर्य बुडाल्यावर निळ्या उजेडात वीस-तीस सेकंदांचे फोटो घ्यायचे असतात. शटर उघडं असतं तेवढा वेळ तुमचे हात मोकळे. लाटांचं धुकं कसं होतं ते तेव्हाच समजावून सांगा आणि स्क्रीनवर दाखवा. फक्त ट्रायपॉडजवळ येऊ देऊ नका, ओल्या वाळूत शेजारी पाऊल पडलं तरी पाय खचतो आणि फोटो हलतो.

किमतीचा प्रश्न अनेकांना खटकतो. मला खटकत नाही. विचारणारा गावातला असेल तर खरी किंमत सांगावी. इंजिन केवढ्याला, जाळं केवढ्याला हे तो रोज बोलत असतो, अवजाराची किंमत विचारणं त्याच्या लेखी साधं आहे. तुम्हीही त्याच्या इंजिनाची विचारा.

वाडीतली मुलं ‘आमचा काढा, आमचा काढा’ करत मागे लागतात. काढावेत का?
— एक वाचिका, सांगली

काढा, लगेच दाखवा, पण आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. मुलांचे चेहरे आईवडिलांच्या होकाराशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. ‘पाठवते’ म्हणालात तर पाठवाच. नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका एवढं वहीत लिहून घ्या आणि चार बाय सहाचे प्रिंट पोस्टाने धाडा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो त्या फोनबरोबर जातो, कागदावरचा घरात राहतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर प्रिंट टाळूच नका. अनेकांचा आधार कार्डावरचा सोडून धड एक फोटो नसतो.

मी एकटीच पहाटे किनाऱ्यावर जाते. पुरुष बोलायला येतात. सगळेच वाईट नसतात, पण सगळ्यांशी बोलायची इच्छाही नसते.
— एक वाचिका, रत्नागिरी

कुणाशीही बोललंच पाहिजे असं तुमच्यावर बंधन नाही. वर मी ‘कुणाकडे उतरलात’ याचं उत्तर द्या म्हटलं, ते तुमच्यासाठी नाही. गावाचं नाव पुरे, घराचं नको. कधी निघणार, उद्या कुठे जाणार हेही सांगायचं नाही. ‘काम चालू आहे दादा,’ एवढं म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरला लावावा. बायका जिथे असतात, म्हणजे सुकटीच्या ओट्यांशी, धक्क्यावर, तिथून सुरुवात केली तर त्यांच्याशी झालेली ओळख दिवसभर उपयोगी पडते. निर्जन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एकटीने पहाटे जाऊ नये असं माझं मत आहे, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी. मोबाइलला रेंज आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा. आणीबाणीला ११२.

वेळासला कासवाची पिल्लं सोडताना शेजारच्या माणसाचा फ्लॅश सुरू होता. मी काही बोललो नाही, पण राहवत नव्हतं. शिवाय एका अनोळखी फोटोग्राफरने काकणाचं (समुद्री गरुडाचं) घरटं कुठे आहे ते विचारलं, तेही सांगितलं नाही. कंजूषपणा झाला का?
— एक वाचक, चिपळूण

फ्लॅशबद्दल बोलायला हवं होतं, आणि शांतपणे. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, समुद्रावरचं उजळ क्षितिज हीच त्यांची वाट. बाजूने फ्लॅश चमकला तर ती भरकटू शकतात. एवढं कारण सांगितलं की बहुतेक लोक लगेच बंद करतात, कारण त्यांना ते माहीतच नसतं. ‘कमी उजेडासाठी आयएसओ ३२०० करा, बघा माझा कसा आलाय,’ असं म्हणून स्वतःचा फोटो पुढे केलात तर तो उपदेश राहत नाही. न ऐकल्यास वन खात्याच्या किंवा गावच्या कार्यकर्त्याला सांगा. हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे.

घरट्याचं तुम्ही केलंत ते योग्य. सेटिंग, वेळ, उजेड, लेन्स हे सगळं सढळ हाताने सांगावं. घरटं सांगू नये. काकण तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, आणि झाडाखाली रोज दहा कॅमेरे उभे राहिले तर ते सोडूनही जाऊ शकतो. फोटोसोबत ठिकाणाची नोंद जात असेल तर तीही बंद करा.

कातळशिल्पांना, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांना, हा नियम थोडा वेगळा. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती लपवण्यात अर्थ नाही. पण अनेक शिल्पं खासगी जमिनीत, काजू-आंब्याच्या बागांजवळ आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी रत्नागिरीच्या सड्यांवर ही चित्रं शोधली ती गावकऱ्यांना विचारत विचारतच. तेव्हा मालकाला भेटून, यंदा मोहोर कसा आहे ते विचारून, मगच सड्यावर जा. उजेड तिरपा हवा, सकाळी लवकर नाहीतर मावळतीला. दुपारी रेषा दिसतच नाहीत, म्हणून खडूने गिरवणारे लोक भेटतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

मालवणजवळच्या एका रापणकराचा मी काढलेला फोटो एका रिसॉर्टने जाहिरातीसाठी विकत मागितला आहे. त्याला कळल्यावर तो म्हणाला, ‘मग आमका काय?’ फोटो तर माझा आहे ना?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

फोटोचा हक्क तुमचा, कॉपीराइट कायदा १९५७ तेच सांगतो. चेहरा मात्र त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलं आहे की माणसाचं नाव किंवा रूप त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. तेव्हा विचारल्याशिवाय विकूच नका. त्याचा प्रश्न अगदी सरळ आहे. रापणीत दोर ओढणाऱ्यालाही वाटा मिळतो, तो तुम्हाला तेच विचारतो आहे.

पैसे किती ते रिसॉर्टकडून आधी ठरवून घ्या, मग त्याच्याकडे जा. रक्कम मोकळेपणाने सांगा आणि त्यातला भाग द्या. निम्मा दिलात तरी जास्त नाही असं मला वाटतं. संमतीपत्र मराठीत, चार ओळींचं: कुठला फोटो, कुठे वापरणार, किती काळ, किती रुपये. त्याला मोठ्याने वाचून दाखवा, एक प्रत त्याच्याजवळ ठेवा. तो नाही म्हणाला तर रिसॉर्टला होडीचा फोटो द्या, आणि होडीवरचा नंबर दिसत असेल तर मालकालाही विचारून घ्या.