सर हसवतात, वर्गात कळतं. लॅबमध्ये मात्र काही सुचत नाही

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आम्हाला सी लँग्वेज शिकवणारे सर इतके विनोदी आहेत की दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसतात. ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या किमतींची ओळीने ठेवलेली रांग, शिकवताना म्हणाले, "पाच खोल्यांची चाळ. पहिल्या खोलीचा नंबर शून्य, शेवटच्या खोलीचा चार. तुम्ही पाच नंबर मागितलात तर सी नाही म्हणणार नाही. शेजारच्या चाळीत शिरेल, हाताला लागेल ते उचलेल आणि तुम्हाला आणून देईल." सेमीकोलन (;) राहिला आणि कंपायलरने, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरने, एरर दिली की म्हणतात, "कंपायलर ओरडतो बाराव्या ओळीवर, चोर बसलाय अकराव्या ओळीत." तासाला सगळं समजतं. पण प्रॅक्टिकलला त्या रिकाम्या निळ्या स्क्रीनपुढे बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही.

मागच्या महिन्यात निकालाचा प्रोग्राम करायचा होता. बरोबर ३५ गुण असतील तर 'काठावर पास', त्याच्या वर 'पास', खाली 'नापास'. मी ९२ टाकले, १२ टाकले, काहीही टाकलं तरी 'काठावर पास'च येत होतं. सरांनी स्क्रीन बघितली आणि सगळ्या बॅचला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला बोर्डात घ्या रे! राज्याचा निकाल शंभर टक्के, आणि अख्खं राज्य काठावर!" सगळे खूप हसले. मीही हसले. पण तेव्हापासून मी शंका विचारलेली नाही. घरी लॅपटॉप नाही. मला प्रोग्रामिंग जमणार नाही का?
– एक विद्यार्थिनी, जि. सांगली

उत्तर : जमेल. तुझ्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. लॅबमध्ये मुलं मला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा "मॅडम, चालत नाहीये" एवढंच सांगतात. काय टाकलं, काय यायला हवं होतं, काय आलं, हे एकेक करून विचारून काढावं लागतं. तू ते तिन्ही न विचारता लिहिलंस. ९२ टाकले, १२ टाकले, उत्तर एकच आलं. याचा अर्थ आपण टाकलेल्या आकड्याकडे प्रोग्राम बघतच नाहीये, इथपर्यंत तू पोचली होतीस. चूक शोधण्याचं निम्मं काम तिथे झालं होतं.

आता राहिलेलं निम्मं. तू बहुधा इफच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या ओळीच्या, कंसात 'गुण = ३५' असं लिहिलं असशील. सीमध्ये एकटं = हे चिन्ह विचारत नाही, ते आज्ञा देतं : उजवीकडची किंमत डावीकडे ठेव. ताडून बघायचं असेल तर == लागतं. तुझ्या ओळीने ९२ पुसून तिथे ३५ ठेवले. मग इफने पाहिलं की कंसाची किंमत ३५ आली. सीच्या लेखी शून्य म्हणजे खोटं आणि बाकी कुठलीही किंमत खरी, म्हणून अट खरी ठरली. १२ लाही हेच झालं. प्रोग्रामच्या शेवटी गुण पुन्हा छापून बघ, ९२ च्या जागी ३५ दिसतील.

आणि आता सरांचं वाक्य परत वाच. अख्खं राज्य काठावर! त्या चुकीमुळे नेमकं तेच होत होतं, सगळ्यांना ३५ वाटले जात होते. तो विनोद म्हणजे तुझ्या चुकीचं अगदी अचूक वर्णन होतं. मला तुझ्या सरांचं या बाबतीत मनापासून कौतुक वाटतं, कारण असं एका वाक्यात दुखणं पकडणारे शिक्षक फार थोडे असतात. वाईट एवढंच झालं की वाक्य चुकीवर असूनही त्याची सुरुवात 'हिला' अशी झाली, आणि सगळे हसून झाल्यावर पुढची दोन मिनिटं = आणि == वर बोलायची राहून गेली.

या चिन्हाचं इतकं ओझं घेऊ नकोस. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी तयार केली, तिच्या आधी तिथेच केन थॉम्प्सन यांची बी ही भाषा होती. किंमत ठेवण्यासाठी एकटं = वापरायचं, हे तिथून आलं. प्रोग्राममध्ये किंमत ठेवण्याचं काम ताडून बघण्यापेक्षा जास्त वेळा पडतं, म्हणून जास्त लागणारं चिन्ह लहान. टाइप करणाऱ्याची सोय झाली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी एक खड्डा तयार झाला. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, सोर्सकोडच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. दिसायला साधी तपासणी होती : वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का? लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, ज्याला सगळे अधिकार. तिथे == च्या जागी = लिहिलं होतं. म्हणजे तपासणी होण्याऐवजी त्या माणसाला थेट शून्य क्रमांक बहाल झाला असता. मूळ प्रतीशी नोंदी जुळेनात म्हणून ते वेळीच पकडलं गेलं. ज्या चिन्हाच्या आड कुणी मुद्दाम दार लपवू शकतो, ते पहिल्या वर्षाच्या मुलीच्या नजरेतून सुटलं तर त्यावरून तिची कुवत ठरत नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. वर्गात कळतं आणि लॅबमध्ये सुचत नाही, असं का होतं? मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून ओरल घ्यायला जाते तेव्हा हे फार जवळून बघते. "ॲरे शून्यापासून का सुरू होतो?" असं विचारलं की मुलं आपापल्या सरांचं उदाहरण झकास सांगतात. "पण का?" म्हटलं की गप्प. उदाहरणाने नियम लक्षात राहिला, कारण मात्र कुणी मांडूनच पाहिलेलं नसतं. आणि प्रोग्राम लिहायला कारण लागतं.

म्हणून सरांनी हसवलेल्या प्रत्येक गोष्टीखाली त्याच संध्याकाळी वहीत आकडे घालायचे. चाळीचंच घे. तुमचा निळा स्क्रीन म्हणजे टर्बो सी, त्यात एका इंटला, म्हणजे एका पूर्णांकाला, मेमरीचे २ बाइट लागतात. पाच इंटचा ॲरे मेमरीत २००० या पत्त्यापासून ठेवलाय असं धर. मग पाच जागा येतात : २०००, २००२, २००४, २००६, २००८. ॲरेचं नाव म्हणजे पहिल्या जागेचा पत्ता. कंसातला आकडा सांगतो की तिथून किती जागा पुढे सरकायचं. पहिली हवी तर शून्य जागा पुढे. हेच शून्याचं कारण. कंसात ५ लिहिलंस तर २००० अधिक पाच दुणे दहा, २०१०. तो पत्ता ॲरेच्या बाहेरचा आहे, पण सी फक्त बेरीज करते, हद्द तपासत नाही. सरांची शेजारची चाळ ती हीच. एवढं एकदा हाताने लिहिलंस की लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना) चारपर्यंत न्यायचा की पाचपर्यंत, हे पाठ करावं लागणार नाही.

बाराव्या ओळीचंही तसंच. सीला ओळ संपली हे कळत नाही, तिच्यासाठी विधान सेमीकोलनने संपतं. अकराव्या ओळीत तो राहिला तर कंपायलर पुढे वाचत जातो, बाराव्या ओळीतला पहिला शब्द आला की अडतो आणि तिथे एरर दाखवतो. तू मराठी माध्यमाचं लिहिलंस म्हणून सांगते : एरर मेसेजचं इंग्रजी बघून घाबरू नकोस. पहिल्या वर्षात तेच ते मेसेज फिरून फिरून येतात. वहीचं शेवटचं पान त्यांना दे. मेसेज जसाच्या तसा उतरव, पुढे मराठीत लिही की प्रत्यक्षात काय चुकलं होतं. वॉर्निंगसुद्धा उतरव. एरर शून्य दिसले की मुलं लगेच रन करतात, वॉर्निंगकडे बघत नाहीत. तुझ्या त्या इफच्या ओळीवर टर्बो सीने बहुधा 'पॉसिब्ली इनकरेक्ट असाइनमेंट' अशी वॉर्निंग दिलीही असेल. बिचाऱ्या कंपायलरने नेमकं बोट ठेवलेलं असतं.

लॅपटॉप नाही याची खंत आत्ता बाजूला ठेव. आत्ता तुला ड्राय रनची, म्हणजे प्रोग्राम कागदावर हाताने चालवून बघण्याची, गरज आहे, आणि त्याला कागद लागतो. चार रकाने आख : ओळ, गुण, अट खरी की खोटी, स्क्रीनवर काय. तुझा निकालाचा प्रोग्राम घे. स्कॅनएफच्या, म्हणजे कीबोर्डवरून गुण घेणाऱ्या, ओळीपुढे गुणांच्या रकान्यात ९२ लिही. इफच्या ओळीवर आलीस की कंसात जे लिहिलंय तेच कर, मनात होतं ते करू नकोस. कंसात = आहे, म्हणजे ९२ खोडून ३५ लिहावे लागतील. तुझा हात तिथे थांबेल. "अरे, मी तर विचारत होते, हे बदललं कसं?" हा प्रश्न स्वतःच्या हाताने पडला पाहिजे. दुसऱ्याने चूक दाखवून ती जेवढी कळते त्याच्या कितीतरी पट अशी कळते.

रिकाम्या स्क्रीनवर उपाय एकच, तिच्यापुढे रिकाम्या हाताने बसायचं नाही. लॅबला येण्याआधी कागदावर मराठीत लिहून आण : गुण घे. ३५ च आहेत का बघ. असतील तर हे छाप. नसतील तर ३५ पेक्षा जास्त आहेत का बघ. एकेका वाक्याची सीमध्ये एकेक ओळ होते. टाइप करताना विचार करायचा नाही, विचार आधीच झालेला असतो. आणि जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, दुसऱ्याचं बघून उतरवू नकोस. ओरलला आम्ही एखादा सेमीकोलन खोडतो आणि विचारतो, आता काय होईल? उतरवलेलं जर्नल तिथे कामाला येत नाही.

सरांशी मात्र बोल. हे टाळू नकोस. वर्गात नको, तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा, वही घेऊन जा. "सर, त्या दिवशी सगळे हसले, तेव्हापासून मला सगळ्यांसमोर शंका विचारायला अवघड वाटतं. पण ती चूक मी शोधली आहे, बघता का?" एवढंच म्हण. माझा अनुभव असा की वर्ग हसवणाऱ्या शिक्षकाला एखादं मूल त्या हसण्यात गप्प झालंय हे दिसत नाही, आणि सांगितलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं. यानंतरही नाव घेऊन हसू करणं चालूच राहिलं तर विभागप्रमुखांकडे जा. त्यात उद्धटपणा नाही. शिक्षकाने चुकीची, कंपायलरची, सी भाषेची हवी तेवढी टिंगल करावी. शिकणाऱ्याची करू नये. माझं याबाबत ठाम मत आहे.

प्रश्न : मी उच्च माध्यमिकला बायफोकलचं, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय म्हणून घेतलेलं, संगणकशास्त्र शिकवतो. माझ्या सहकाऱ्यांसारखं मला विनोद करून शिकवता येत नाही. मुलं तासाला पेंगतात. काय करू?
– एक शिक्षक, जि. नाशिक

उत्तर : विनोद करू नका. जो स्वभाव नाही तो मुलं लगेच ओळखतात. रन करण्याआधी उत्तर लिहून घ्यायची सवय लावा, तेवढं पुरतं.

फळ्यावर पाच ओळींचा प्रोग्राम लिहा. एका इंटमध्ये ३२७६७ ठेवा, त्यात १ मिळवा, छापा. प्रत्येकाने उत्तर वहीत पेनने लिहायचं, खोडायचं नाही. सगळे ३२७६८ लिहितील आणि हे काय विचारता असा चेहरा करतील. मग टर्बो सी++ वर चालवा. उणे ३२७६८ येईल. तुम्ही काही न बोलता वर्ग हसेल, आणि मागच्या बाकावरचा सुद्धा "असं कसं?" म्हणून विचारेल. तिथून २ बाइट म्हणजे १६ बिट, त्यातला एक बिट चिन्हाचा, हे शिकवायला घ्या. आता ते ऐकायला वर्ग जागा आहे. लॅबमध्ये जीसीसी हा कंपायलर असेल तर तोच प्रोग्राम त्यावर चालवून दाखवा. तिथे इंट ४ बाइटचा असतो, त्यामुळे सरळ ३२७६८ येईल. दोन कंपायलर, एकच प्रोग्राम, दोन उत्तरं. पुढच्या तासाला पायथन या भाषेत ०.१ अधिक ०.२ करून बघायला सांगा, तिथेही उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं दिसतं. पण उत्तर आधी वहीत लिहून घ्यायचं हे विसरू नका. लिहून न घेता चालवलंत तर मुलं "हो, माहीत होतं" म्हणतात आणि तास पुन्हा थंड पडतो.